खाडीकाठचे मीठ आणि गळ्यातील ग्रंथी

पेण तालुक्याचा जो सखल भाग खारेपाट म्हणून ओळखला जातो, तेथे धरमतरच्या खाडीतून आत शिरणारे भरतीचे पाणी बांध घालून अडवावे, उथळ वाफ्यांतून एकापुढे एक खेळवून उन्हाने आटवावे, आणि पौषापासून ज्येष्ठाच्या तोंडापर्यंत पांढऱ्या मिठाच्या राशी लावाव्या, हा उद्योग आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला. इंग्रजी अमदानीत या मिठावर सरकारी मीठखात्याची करडी नजर असे. परवाना, जकात आणि वजनाची नोंद यांवाचून मिठाचा एक खडा हलत नसे. पुढे १९३० साली साऱ्या देशाने जे मीठ मुठीत धरून कायदेभंग केला, ते असल्याच किनाऱ्यावरचे मीठ होते. अशा मुलखात, जेथे समुद्र दाराशी आहे आणि मीठ हे अंगणातले पीक आहे, तेथे मिठातील एका द्रव्याच्या अभावाने जडणाऱ्या व्याधीची चर्चा करणे अनेकांस अप्रस्तुत वाटेल. गलगंड हा डोंगराळ मुलखातला, हिमालयाच्या पायथ्याचा रोग. समुद्रकाठच्या माणसाला त्याचे काय भय, अशी समजूत सुशिक्षितांतही रुजलेली आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत अर्धी खरी समजूत ही पुष्कळदा निखालस अज्ञानापेक्षा अधिक हानी करते.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. आयोडिन हे द्रव्य समुद्राच्या पाण्यात असते खरे, परंतु त्याचे प्रमाण एका लिटरमागे सुमारे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागांच्या हिशेबात मोजावे इतके अल्प असते. त्याच लिटरभर पाण्यात खाण्याचे मीठ मात्र २५ ग्रॅमांहून अधिक असते. वाफ्यातले सगळेच्या सगळे आयोडिन मिठाबरोबर खाली बसते असे घटकाभर धरले, तरी एका ग्रॅम मिठात ते दोन मायक्रोग्रॅमच्या आसपासच येईल. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. ती केवळ अशा मिठाने भागवायची म्हटले तर रोज ७५ ग्रॅम मीठ पोटात जावे लागेल, जे कोणाही माणसाला अशक्य आहे. आणि प्रत्यक्षात तर तेवढेही आयोडिन मिठात उतरत नाही. स्फटिक बनताना ते बहुतांशी मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहते, आणि ते पाणी खाडीत सोडून दिले जाते. म्हणजे मीठ आपल्या डोळ्यांदेखत पिकलेले असो की गुजरातेतून गाडीने आलेले असो, त्यात आयोडिन बाहेरून मिसळल्याखेरीज ते शरीराच्या या गरजेच्या कामी येत नाही.

समुद्राचा खरा लाभ मिठातून नव्हे, मासळीतून मिळतो. खारेपाटातल्या घरी तांदळाच्या भाकरीबरोबर ओली मासळी नाही तर सुके बोंबील, जवळा, काहीतरी असतेच, आणि त्या वाटेने थोडेबहुत आयोडिन पोटात जाते. परंतु पेणहून नागोठण्यावरून रोह्याकडे निघाले, की चाळीस किलोमीटरांच्या आतच देखावा पालटतो. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या उतारांवर, तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस दर वर्षी कोसळतो आणि जमिनीच्या वरच्या थरातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेतो. त्यांत आयोडिनही वाहून जाते. जमिनीतच जे नाही ते भातात येत नाही, नाचणीत येत नाही, भाजीत येत नाही, गुरांच्या दुधातही पुरेसे येत नाही. डोंगरकुशीतल्या ठाकूरवाडीला किंवा कातकरी वाडीला समुद्र नकाशावर जवळ असला, तरी ताजी मासळी रोजच्या पानात पडण्याइतका तो जवळ नसतो. देशभर जिल्हावार पाहण्या झाल्या तेव्हा हेच निष्पन्न झाले, की आयोडिनच्या उणिवेपासून सर्वस्वी मुक्त असे एकही राज्य नाही. किनाऱ्याची राज्येही त्यास अपवाद नाहीत.

हे द्रव्य शरीराला लागते ते मुख्यतः एका ग्रंथीसाठी. गळ्याच्या पुढल्या अंगास, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला लगटून दोन पाळ्यांची आणि मधल्या अरुंद पट्टीने जोडलेली अशी १५ ते २० ग्रॅम वजनाची जी ग्रंथी आहे, तिला शास्त्रीय मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात. व्यवहारात तिला सर्वजण थायरॉइडच म्हणतात. रक्तातून वाहत जाणारे आयोडिन ही ग्रंथी वेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, व त्याहून तीव्र असे टी-३, असे दोन स्राव तयार करून रक्तात सोडते. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीने अन्नापासून किती वेगाने ऊर्जा निर्माण करावी, हृदयाने किती ठोके द्यावे, आतड्यांनी किती त्वरेने हालचाल करावी, त्वचा, केस, मासिक पाळी, गर्भातील मेंदूची वाढ, या सर्वांवर त्या दोन स्रावांचा अंमल चालतो. स्राव किती व्हावा याचे नियमन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीकडे आहे, ती टी.एस.एच. नावाचे एक द्रव्य रक्तात सोडून थायरॉइडला कामास लावते. हा प्रकार थेट सरकारी वसुलीसारखा आहे: भरणा वेळच्या वेळी होत असेल तर कचेरीतून तगादा येत नाही, भरणा थकला की तगाद्यावर तगादा. म्हणूनच तपासणीच्या कागदावर टी.एस.एच.चा आकडा वाढलेला दिसला, की त्याचा अर्थ थायरॉइडचे काम वाढले असा नसून ते थकले आहे असा होतो. घरोघरी या आकड्याविषयी जो गोंधळ दिसतो तो एवढे ध्यानात घेतल्याने पुष्कळसा दूर होण्यासारखा आहे.

गळ्यावरच्या गाठीचे वर्णन सुश्रुतसंहितेत गलगंड या नावाने आलेले आहे. परंतु ही ग्रंथी कशासाठी आहे हे मात्र जगाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ठाऊक नव्हते, आणि ते कळले ते एका दारुण अनुभवातून. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर हे शल्यविशारद वाढलेल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रिया अतिशय कौशल्याने करीत. त्या काळी या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने रुग्ण दगावत. कोखर यांनी ते प्रमाण फारच खाली आणले. परंतु ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती त्या रुग्णांचा त्यांनी पुढे शोध घेतला, तेव्हा त्यांस आढळले की जखम उत्तम भरली असूनही ती माणसे मंद, सुजलेली, थंडीने गारठणारी अशी झाली आहेत, आणि वाढीच्या वयातील मुलांची उंची व बुद्धी दोन्ही खुंटली आहेत. ही हकीकत त्यांनी १८८३ साली स्वतः जाहीर केली आणि संपूर्ण ग्रंथी काढणे थांबविले. १९०९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्यांच्या हस्तकौशल्याइतकेच या प्रामाणिकपणालाही शोभणारे होते असे मला वाटते. मध्यंतरी १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी याच रीतीने मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई सुधारली, आणि पुढे २८ वर्षे, आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क घेत, ७४ वर्षांची होईपर्यंत जगली. या ग्रंथीत आयोडिन असते हे १८९०च्या दशकातच जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांनी दाखविले. १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनविता येऊ लागले. आज पेणच्या बाजारपेठेतील कोणत्याही औषधाच्या दुकानात शंभर गोळ्यांची जी बाटली मिळते, तिच्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

आयोडिन कमी पडू लागले की ग्रंथी, मिळेल तेवढे वेचून घेण्यासाठी, आकाराने वाढू लागते, तोच गलगंड. पण गळ्यावर दिसणारा फुगवटा हा या उणिवेचा सर्वांत निरुपद्रवी परिणाम होय. खरी हानी दिसत नाही तेथे होते: वारंवार होणारे गर्भपात, मृत जन्मलेली बालके, ऐकू न येणारी व बोलू न शकणारी मुले, आणि ज्यांना कोणताही विशिष्ट रोग नाही पण जी वर्गात सदैव मागे पडतात अशी गावेच्या गावे मुले. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून वैद्यकीय संशोधक रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडिनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण कमी करून दाखविले, आणि त्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आरंभी तो डोंगराळ जिल्ह्यांपुरता होता. साऱ्या देशालाच असे मीठ पुरवावे हे धोरण १९८०च्या दशकात ठरले, आणि १९९२ साली कार्यक्रमाचे नावही बदलून आयोडिन न्यूनता विकार नियंत्रण असे व्यापक करण्यात आले. साध्या मिठाच्या विक्रीवर घातलेली बंदी २००० साली उठविली गेली व २००६ च्या मे महिन्यात पुन्हा लागू झाली. या बंदीविरुद्ध लहान मीठ-उत्पादकांची आणि काही गांधीवादी मंडळींची तक्रार होती, आणि तीत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. मीठ हा गरिबाचा धंदा, त्यात यंत्रसामग्रीची अट आली की तो मोठ्या कारखानदाराच्या हाती जातो, हे खारेपाटातल्या मिठागरवाल्यांना वेगळे सांगायला नको. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही अन्नभेसळ कायद्याखालील तो नियम त्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला. परंतु नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत बंदी कायम राहिली. धंद्याचे हे दुःख खरे मानूनही, आणि ते निवारण्याची तजवीज सरकारने करायला हवी होती हे मान्य करूनही, मिठात आयोडिन मिसळण्याच्या निर्णयाने जन्माला येणाऱ्या पिढ्यांच्या बुद्धीचे रक्षण झाले, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

दुकानातून घेताना मिठात दर दशलक्ष भागांमागे किमान १५ भाग आयोडिन असले पाहिजे असा नियम आहे. परंतु कायद्याचा अंमल दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपतो, आणि कोकणचा पावसाळा तेथून पुढे सुरू होतो. आषाढात उघड्या भांड्यातल्या जाड्या मिठाला पाणी सुटते. आयोडिनचा लेप खड्याच्या पृष्ठभागावर असल्याने तो प्रथम विरघळतो, आणि भांड्याच्या तळाशी साचलेले ते पाणी गृहिणी फेकून देते. कित्येक घरांत खडे मीठ स्वच्छ करण्यासाठी धुऊन घेण्याची रीत आहे, तिचाही परिणाम हाच. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या उष्णतेपासून दूर ठेवावे आणि भाजी-आमटीत शेवटी घालावे, एवढ्याने बरेच काही साधते. अलीकडे सैंधव किंवा गुलाबी मीठ हे अधिक नैसर्गिक म्हणून खाण्याची टूम शहरांतून तालुक्यांच्या गावी पोहोचली आहे; आयोडिन मिसळलेले नसेल तर त्या मिठाने ही गरज भागत नाही. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास सांगितले असेल तर प्रमाण कमी करावे. मिठाचा प्रकार बदलू नये.

आता कोणी म्हणेल, की घरोघर आयोडिनचे मीठ पोहोचले, मग थायरॉइडचे रुग्ण उलट वाढलेले का दिसतात? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ज्या समाजात आयोडिनची उणीव भरून निघते तेथे या ग्रंथीच्या विकारांचे प्रधान कारण दुसरेच उरते: शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर चालून जाते. या प्रक्रियेने ग्रंथी हळूहळू नष्ट होते त्या प्रकाराचे वर्णन १९१२ साली जपानी वैद्य हाकारू हाशिमोतो यांनी केले व त्यांचेच नाव त्यास पडले. हीच यंत्रणा कधी उलट दिशेने वागते, ग्रंथीला अविरत डिवचीत राहते, आणि स्राव मर्यादेबाहेर वाढतो. त्यास रॉबर्ट ग्रेव्ह्ज या आयरिश वैद्याचे नाव आहे. हे दोन्ही विकार घराण्यांतून चालतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक प्रमाणात होतात. याखेरीज बाळंतपणानंतरच्या वर्षभरात ग्रंथीला येणारी तात्पुरती सूज, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमियोडॅरोन व मनोविकारांवरचे लिथियम ही औषधे, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, अशीही कारणे आहेत. आणि आयोडिन गरजेहून फार अधिक झाले तरी काही जणांची ग्रंथी बिघडते. आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या एका पाहणीत, जिचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला, थायरॉइडची मंदता सुमारे ११ टक्के लोकांत आढळली. त्या आठ शहरांत मुंबई आणि गोवाही होते. किनाऱ्याच्या शहरांत हे प्रमाण अंतर्भागातील शहरांपेक्षा काहीसे कमी भरले, पण तरीही नऊ टक्क्यांच्या वर होते. यातील माझ्या मते सर्वांत विचार करण्यासारखा भाग हा, की ज्यांना विकार होता त्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला तो आपल्याला आहे याची वार्ताही नव्हती.

आणि ती असावी तरी कशी? मंदावलेल्या थायरॉइडची लक्षणे ही एखाद्या आगंतुक रोगासारखी दार ठोठावून येत नाहीत. ती माणसाच्या स्वभावात आणि वयात मिसळून जातात. सकाळी उठवत नाही, अंग जड वाटते, चार पायऱ्या चढल्या की पाय भरून येतात, त्वचा रखरखीत होते, केस विंचरताना फणीत गुंता येतो, शौचास साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, सगळे घर उकाड्याने हैराण असता घरातल्या एका बाईला मात्र पंखा नको वाटतो, पाळीत रक्तस्राव फार होतो, सांगितलेली गोष्ट ध्यानात राहत नाही, चेहऱ्यावर सूज येते आणि वजन थोडेथोडे वाढते. यांपैकी प्रत्येक गोष्टीला घरात एक तयार उत्तर असते: दोन बाळंतपणे झाली, आता असे व्हायचेच, चाळिशी आली, काम नको म्हणून निमित्त, जरा हिंडफीर कर म्हणजे अंग हलके होईल. शेतावरून येऊन चूल पेटविणारी बाई आपण थकतो असे म्हणतच नाही, आणि म्हटले तरी त्या थकव्याला रोगाचा दर्जा कोणी देत नाही. तिला शक्तीचे सलाइन लावून घरी धाडले जाते. या विकाराने आमच्या स्त्रियांची जी वर्षे विनाकारण मंद आणि उदास गेली असतील, त्यांचा विचार मनात आला म्हणजे अंतःकरण व्यथित होते; कारण निदानाला लागते ते केवळ चार थेंब रक्त आणि उपचाराला लागते ती रोजची एक लहानशी गोळी.

अतिस्रावाचे चित्र याच्या उलट. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांतून गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात; त्यांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम. ओल्या रंगाने भरलेला बारीक कुंचला एकाच श्वासात पापणीच्या कडेने फिरवावा लागतो, आणि हात केसभर हलला तर मूर्तीची नजर बिघडते. अशा कारागिराच्या बोटांना सूक्ष्म कंप सुटू लागला, तर प्रथम संशय व्यसनाचा येतो, नाहीतर नजरेचा. पण त्याबरोबरच भूक वाढूनही अंग वाळत चालले असेल, बसल्या जागी छाती धडधडत असेल, माघातही घाम येत असेल, झोप उडाली असेल, चिडचीड वाढली असेल आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील, तर गळ्यातील ग्रंथीकडे पाहणे अगत्याचे आहे. ही अवस्था दीर्घकाळ राहिली तर हृदयाची लय बिघडते व हाडे ठिसूळ होतात. यावर कार्बिमेझोलसारख्या गोळ्या आहेत. त्या चालू असता ताप येऊन घसा फार दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या, कारण क्वचित प्रसंगी त्या धोकादायक रीतीने घटतात. गोळ्यांनी भागले नाही तर किरणोत्सर्गी आयोडिनचा एक घोट पाजला जातो: ग्रंथी ते नेहमीच्या आयोडिनप्रमाणेच ओढून घेते आणि त्याच्या किरणांनी तिची वाढलेली शक्ती आटोक्यात येते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे, १९६३ साली मुंबईत परळ येथे स्थापन झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर या उपचारासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या काळापासून पेण-रोह्याच्या रुग्णांनीही परळची वाट धरलेली आहे.

गळ्यात नुसतीच एखादी गाठ लागली तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. अशा शंभर गाठींत नव्वदाहून अधिक निरुपद्रवी असतात. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बारीक सुईने काढलेला नमुना यांवरून निर्णय होतो, आणि जेथे कर्करोग निघतो तेथेही तो बहुधा पूर्ण बऱ्या होणाऱ्या प्रकारांपैकी असतो. गाठ झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळताना अडखळत असेल, तर मात्र दिवसगत लावू नये.

गोळीविषयी दोन शब्द विस्ताराने लिहिले पाहिजेत, कारण निदान होऊनही येथेच पुष्कळांचे गाडे अडते. थायरॉक्सिनची गोळी ही बाहेरचे औषध नव्हे. ग्रंथीकडून जे यायला हवे होते तेच ते द्रव्य. ती सकाळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा घेऊ नये, कारण चहा, कॉफी आणि दूध यांनी ती नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या; गरोदर स्त्रीला आरोग्य केंद्रातून या दोन्ही गोळ्या मिळतात आणि ती सोयीसाठी तिन्ही एकदम घेते, मग मात्रा वाढवूनही टी.एस.एच. उतरत नाही. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे, त्याआधी तपासून उपयोग नाही. आकडा बरोबर आला म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत सामान्य चूक. आकडा बरोबर आला तो गोळीमुळेच. उलट, टी.एस.एच. जरासाच वाढलेला, टी-४ बरोबर आणि तक्रार काही नाही, अशा प्रत्येकाला, विशेषतः वृद्धांना, गोळी लागतेच असे नाही. पुन्हा तपासून मग ठरवावे. वजनाचे सगळे खापर या ग्रंथीवर फोडण्याचीही आता रीत पडली आहे. वास्तविक तिच्यामुळे वाढणारे वजन बेताचे असते आणि त्यातही पाण्याचा भाग मोठा असतो. कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून बेताने खाण्यास हरकत नाही. विकार कायमचा मुळासकट घालवितो असे सांगून काढे आणि चूर्णे विकणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. त्यांच्या नादी लागून गोळी सोडलेला रुग्ण काही महिन्यांनी सुजलेल्या चेहऱ्याने परत येतो.

सर्वांत अधिक काळजी ज्या दोन जीवांची घ्यायची ते म्हणजे गरोदर स्त्री आणि नवजात बालक. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन सर्वस्वी आईकडून येते. म्हणून जिला आधीपासून गोळी चालू आहे तिने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांस सांगून मात्रा वाढवून घ्यावी, आणि जिच्या माहेरी हा विकार आहे किंवा जिचे गर्भपात झाले आहेत तिने पहिल्याच तपासणीत टी.एस.एच. पाहून घ्यावा. गरोदरपणी आयोडिनची गरजही २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते.

आणि काही बालके ग्रंथीवाचूनच, किंवा अपुऱ्या ग्रंथीसह जन्माला येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ११३० मध्ये एक असे निघाले, जे पाश्चात्य देशांतील प्रमाणापेक्षा अधिक आहे. अशा बाळाकडे पाहून जन्माच्या वेळी काही कळत नाही. ते भुकेसाठी रडत नाही, तासन्‌तास झोपते, दूध संथपणे ओढते, त्याची कावीळ लवकर उतरत नाही, शौचास दोन-दोन दिवस होत नाही. आणि घरातली वडीलधारी माणसे कौतुकाने म्हणतात, की बाळ फार गुणाचे, आईला मुळीच त्रास देत नाही. हे कौतुक चालू असता मेंदूच्या वाढीचे न परतणारे आठवडे निघून जातात. दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाला तर बहुतेक मुले शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकतात. तीन-चार महिने गेले तर गेलेली बुद्धी कोणत्याही गोळीने परत मिळत नाही. गोवा शासनाने २००८ साली सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बालकांसाठी अशी तपासणी सुरू केली होती, आणि २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही या विकाराचा समावेश आहे. परंतु यादीत नाव असणे निराळे आणि प्रत्येक बाळाच्या टाचेला सुई लागणे निराळे. मिठाच्या बाबतीत ज्या सरकारने कायदा करून, न्यायालयात नियम टिकला नाही तरी आपले म्हणणे तडीस नेले, त्याने ही तपासणीही आई-बापांच्या माहितीवर आणि ऐपतीवर सोडू नये, अशी मागणी तालुक्या-तालुक्यांतून झाली पाहिजे. तोवर पेण, रोहा, अलिबाग, जेथे कोठे बाळंतपण होईल, तेथे घरी निघण्यापूर्वी बाळाचा टी.एस.एच. केला का, हे स्पष्ट विचारावे. जन्मानंतर दोन दिवस उलटले की टाचेतून रक्ताचे काही थेंब घेता येतात. नमुना मुंबईस धाडावा लागला तरी उत्तर आठवड्याभरात हाती येते. दोष निघालाच तर रोजची गोळी कुटून, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून, बाळाला त्याच चमच्याने पाजायची असते; बाटलीत मिसळायची नाही, कारण बाटलीच्या तळाशी राहिलेले औषध बाळाच्या पोटात जात नाही.